गाडीच्या नंबरावर संमिश्र संख्यांचा सराव

इंदूरच्या आमच्या रामबागेतल्या घराला अजून जुना ओटला आहे. संध्याकाळी अकरावीची चार-पाच मुलं तिथे गणित घेऊन बसतात आणि दर पावसाळ्यात एकदा तरी तोच सूर लागतो : "काकू, हे आयोटा काय पल्लेच पडत नाही." (आयोटा म्हणजे उणे एकचं वर्गमूळ, संमिश्र संख्यांच्या धड्यातलं.) मागच्या वर्षी त्यातल्या एकाला मी म्हटलं, पुस्तक मीट आणि समोर उभ्या स्कूटरचा नंबर वाच. एमपी ०९, मग दोन अक्षरं, शेवटी ३२१४. म्हटलं, पहिले दोन आकडे ही एक संख्या, तीन अधिक दोन आयोटा. पुढचे दोन ही दुसरी, एक अधिक चार आयोटा. आता गुण.

त्याने रफ कॉपीत खरडलं आणि म्हणाला, "अकरा अधिक चौदा आयोटा." मी कॉपीकडे न बघताच म्हटलं, चूक.

"काकू, तुम्ही तर गुणलंसुद्धा नाही!"

खरंच गुणलं नव्हतं. तरी ते उत्तर चूक आहे हे कसं कळलं, ते पुढे गुणाकारात सांगते. या धड्यात मुलं अडतात ती कल्पित संख्यांमुळे नाही. अडतात कंसात, उणे चिन्हात, आणि मुख्य म्हणजे आपलं उत्तर चुकलंय हे मागचं पान उघडेपर्यंत कळत नाही म्हणून. पडताळा हाताशी असला की अर्धं भय तिथेच जातं.

बसण्याआधी

चौकटीची वही, ग्राफ पेपर, पेन्सिल, चांदा. कॅल्क्युलेटर आत ठेवून या. (अ + ब)(क + ड) याचा विस्तार न अडखळता करता आला पाहिजे आणि उणे गुणिले उणे अधिक हे झोपेतही सांगता आलं पाहिजे. एवढंच भांडवल लागतं.

चिन्हाबद्दल आधी बोलून घेऊ. पुस्तकात वर्गमूळातल्या उणे एकसाठी इंग्रजी अक्षर छापलेलं असतं. कुणी त्याला आय म्हणतं, आमच्याकडची मुलं आयोटा म्हणतात. इथे मी त्याला 'इ' लिहिते. म्हणजे ३ + २इ यात ३ हा वास्तव भाग आणि २ हा कल्पित भाग. कल्पित भाग २, '२इ' नव्हे. एक मार्काच्या प्रश्नात इथेच मार्क जातो. सगळ्या हिशोबाचा पाया एकच : इ × इ = −१.

राजवाड्याच्या चौकात उभे राहा

इंदूरचा नकाशा मनात आणा. राजवाडा हा शून्य. पूर्वेला जाणारा रस्ता अधिक वास्तव, पश्चिमेचा, बडा गणपतीकडचा, ऋण वास्तव. उत्तरेला अधिक कल्पित, दक्षिणेला ऋण कल्पित. मग ३ + २इ म्हणजे तीन पावलं पूर्वेला आणि दोन उत्तरेला. छप्पन दुकान याच कोपऱ्यात पडतं, पूर्वेला आणि किंचित उत्तरेला. लालबाग पडतं पश्चिमेला आणि बरंच दक्षिणेला, म्हणजे दोन्ही भाग ऋण.

आता पूर्वेकडे तोंड करून उभे राहा आणि डावीकडे काटकोनात वळा. तोंड उत्तरेला झालं. हे एकदा इ ने गुणणं. पुन्हा तसंच डावीकडे वळा, तोंड पश्चिमेला. पूर्वेचा १ होता तो दोन वळणांत −१ झाला. इ × इ = −१ याचा एवढाच अर्थ. इ ही वस्तू म्हणून शोधायला गेलात तर हाती लागत नाही. ते एक वळण आहे, डावीकडचं, काटकोनातलं.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात स्पष्ट सांगितलं होतं की ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कशाचा वर्गच नव्हे. त्यांचं चुकलं नव्हतं. पूर्व-पश्चिम हा एकच रस्ता धरून चाललात तर कुठल्याही संख्येचा वर्ग ऋण येत नाही. रस्ता सोडून उत्तरेला वळल्यावरच तो सापडतो, आणि गणितज्ञांना ते वळण नीट दिसायला पुढे कित्येक शतकं लागली. देकार्तने १६३७ मध्ये या संख्यांना 'कल्पित' म्हटलं, ते काही कौतुकाने नाही. नाव मात्र चिकटलं. त्यांना सपाट कागदावर बिंदू म्हणून मांडलं ते वेसेलने १७९७ मध्ये आणि आर्गांने १८०६ मध्ये. म्हणून मुलांना पहिल्या दिवशी हे पटलं नाही तर मी मुळीच रागावत नाही. एका शाळेत "ह्या संख्या नसतातच, सूत्रं रटून टाका" असं सांगतात म्हणे. त्याचा राग मात्र येतो.

हे हाताने करून बघा. ग्राफ पेपरवर २ + ३इ चा बिंदू काढा. वर ट्रेसिंग पेपर ठेवून तोच बिंदू गिरवा, शून्यावर टाचणी टोचा आणि वरचा कागद घड्याळाच्या उलट दिशेला पाव फेरा फिरवा. बिंदू −३ + २इ वर जाऊन बसेल. आता कागदावर गुणा : इ(२ + ३इ) = २इ + ३इ² = −३ + २इ. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलेलं एकदा डोळ्यांनी पाहिलं की 'पल्ले पडत नाही' ही तक्रार सहसा परत येत नाही.

बेरीज-वजाबाकी

यात सांगण्यासारखं फार नाही. वास्तव वास्तवात, कल्पित कल्पितात. (४ + ७इ) + (−६ + २इ) = −२ + ९इ. वजाबाकीत एकच खड्डा आहे : कंसाबाहेरचं उणे दोन्ही पदांना लागतं. (४ + ७इ) − (−६ + २इ) हे १० + ५इ. घाईत मुलं १० + ९इ लिहितात, म्हणजे उणे पहिल्या पदाला लावून दुसऱ्याला विसरतात. पहिला आठवडाभर कंस सोडवलेली ओळ वेगळी लिहा : ४ + ७इ + ६ − २इ. ओळ वाचवून कागद वाचतो, मार्क वाचत नाही.

गुणाकार, आणि काकूंना उत्तर कसं कळलं

चार गुणाकार आणि एक बदल, बस.

(३ + २इ)(१ + ४इ) = ३ + १२इ + २इ + ८इ²

आता इ² च्या जागी −१, म्हणजे ८इ² हे −८. उत्तर −५ + १४इ. त्या मुलाने ८ तसाच अधिक ठेवला, म्हणून त्याचे अकरा आले.

आता पडताळा. प्रत्येक संख्येच्या दोन भागांचे वर्ग करून मिळवा. ३ + २इ चे ९ + ४ = १३. १ + ४इ चे १ + १६ = १७. या दोघांचा गुणाकार १३ × १७ = २२१. उत्तराच्याही वर्गांची बेरीज हीच आली पाहिजे. मुलाच्या ११ + १४इ ची येते १२१ + १९६ = ३१७. चूक. −५ + १४इ ची येते २५ + १९६ = २२१. जुळलं.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी ३१७ सुद्धा काढलं नव्हतं. १३ × १७ म्हणजे २२१. ११ चा वर्ग १२१, म्हणजे दुसऱ्या भागाचा वर्ग बरोब्बर १०० हवा, दुसरा भाग १०. त्याने सांगितले १४. काम संपलं.

वर्गांच्या या बेरजेचं वर्गमूळ म्हणजे मापांक, मुलांच्या भाषेत मॉड. शून्यापासून बिंदूचं सरळ अंतर. गुणाकारात मापांकांचाही गुणाकार होतो, त्यावर हा पडताळा उभा आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली दिलेला एक नियम, ज्याला आपल्याकडचे गणिती 'भावना' म्हणत आले, त्याचंच हे एक साधं रूप : दोन वर्गांची बेरीज गुणिले दोन वर्गांची बेरीज, तर उत्तरही दोन वर्गांची बेरीज. संमिश्र संख्या कुणाच्या ध्यानीमनी नव्हत्या त्या काळातला नियम, आणि आज अकरावीची चूक पकडतो.

पण या पडताळ्यावर डोळे मिटून विसंबू नका. −५ − १४इ लिहिलंत तरी २२१ च येणार, कारण वर्गात चिन्ह नाहीसं होतं. म्हणून दुसरी नजर दिशेवर टाका. गुणाकारात कोनांची बेरीज होते. चांद्याने पूर्वेच्या रस्त्यापासून मोजा : ३ + २इ चा कोन साधारण ३४ अंश, १ + ४इ चा साधारण ७६. बेरीज ११०. म्हणजे उत्तर उत्तरेच्या पलीकडे, थोडं पश्चिमेला झुकलेलं : वास्तव भाग ऋण, कल्पित धन. −५ + १४इ तिथेच पडतं. लांबी आणि दिशा दोन्ही जुळली तर निर्धास्त पुढे जा. सुरुवातीचे दोन-तीन दिवस चांदा खरोखर लावा, नंतर नजरेनेच चालतं.

इ चे मोठे घात याच वळणाने सुटतात. चार वळणं म्हणजे पूर्ण फेरी, पुन्हा पूर्वेला. म्हणून घाताला चारने भागा आणि बाकी बघा : बाकी १ तर इ, २ तर −१, ३ तर −इ, शून्य तर १. इ चा २७ वा घात? बाकी ३, उत्तर −इ. घात कितीही लांबलचक असो, चारच्या बाकीसाठी शेवटचे दोनच अंक पुरतात. आणि १ भागिले इ म्हणजे एक वळण उलटं, उजवीकडे : −इ.

एक जुनं जाळं आहे, त्यात हुशार मुलंही सापडतात. वर्गमूळात −४ गुणिले वर्गमूळात −९. दोन्ही एका वर्गमूळाखाली घेतले की ३६ येतात आणि उत्तर ६ वाटतं. चूक. आधी प्रत्येकातून इ बाहेर काढा : २इ × ३इ = ६इ² = −६. वर्गमूळाखाली उणे दिसलं की सगळ्यांत पहिलं काम इ बाहेर काढण्याचं.

भागाकार

भागाकारात छेदातला इ घालवायचा असतो, आणि तो घालवते अनुबद्ध संख्या. हिंदी पुस्तकात 'संयुग्मी', वर्गात सगळेच कॉन्जुगेट म्हणतात. फक्त कल्पित भागाचं चिन्ह उलटतं : १ + ४इ ची अनुबद्ध १ − ४इ. नकाशावर बिंदू पूर्व-पश्चिम रस्त्याच्या पलीकडे आरशासारखा उमटतो. दोघांचा गुणाकार १ + १६ = १७, इ चा मागमूस नाही.

नवा भागाकार घेण्याआधी आपलाच गुणाकार उलटा करून बघा. −५ + १४इ ला १ + ४इ ने भागायचं. वर-खाली १ − ४इ ने गुणा. अंशात : −५ + २०इ + १४इ − ५६इ². शेवटचं पद काळजीने बघा, −५६ गुणिले −१ म्हणजे अधिक ५६. झाले ५१ + ३४इ. छेदात १७. उत्तर ३ + २इ, जिथून निघालो तिथेच परत.

मग पूर्णांकात न सुटणारा घ्या : (५ + इ) भागिले (२ − ३इ). अंशात (५ + इ)(२ + ३इ) = ७ + १७इ, छेदात १३. उत्तर ७/१३ + (१७/१३)इ. वर्गांच्या बेरजांचाही भागाकार जुळला पाहिजे : २६ भागिले १३ = २, आणि (४९ + २८९) भागिले १६९ हेही २. उत्तर दोन तुकड्यांत लिहा. परीक्षक 'अ + इब' रूप मागतो आणि एकाच मोठ्या भागाकाराच्या रेषेखाली ठेवलेलं उत्तर अर्धवट धरू शकतो.

वर्गमूळ

३ + ४इ चं वर्गमूळ काढायचं. ते य + रइ धरा. वर्ग करून दोन्ही बाजू जुळवल्या की य² − र² = ३ आणि २यर = ४. इथे बहुतेक जण र = २/य घालून चौथ्या घाताच्या समीकरणात जाऊन बसतात. गरज नाही. मापांक मदतीला आहे : य² + र² = ५. वरच्याशी बेरीज केली तर य² = ४, वजाबाकी केली तर र² = १. यर धन आहे, म्हणून दोन्ही एकाच चिन्हाचे : २ + इ, आणि दुसरं −२ − इ. तसंच ८ − ६इ करून बघा. मापांक १०, य² = ९, र² = १, पण आता यर ऋण, म्हणून ३ − इ आणि −३ + इ.

इथे मी मुलांना एक जुनी मेजवानी वाढते. कार्डानोने १५४५ मध्ये प्रश्न घातला होता : १० चे असे दोन भाग करा की त्यांचा गुणाकार ४० येईल. वर्गसमीकरण मांडा, मूळं येतात ५ ± (√१५)इ. बेरीज १०, गुणाकार २५ + १५ = ४०, करून बघा. दुसरा प्रश्न बॉम्बेलीचा, १५७२ मधला. क्ष³ = १५क्ष + ४ याचं ४ हे उत्तर डोळ्यांसमोर आहे. पण सूत्राने जायचं तर वाटेत २ + ११इ चं घनमूळ लागतं. ते २ + इ आहे हे त्याने ओळखलं. तुम्ही पडताळा : (२ + इ)² = ३ + ४इ, पुन्हा २ + इ ने गुणलं की ६ + ३इ + ८इ − ४ = २ + ११इ. त्यात २ − ११इ चं घनमूळ २ − इ मिळवलं की इ निघून जातो आणि उरतात ४. उत्तर साधं, रस्ता मात्र राजवाड्याच्या उत्तरेकडून. या संख्यांना टाळता येत नाही हे पटायला मला तरी याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

कोन काढताना

कोनांकाच्या, म्हणजे पूर्वेपासून मोजलेल्या त्याच कोनाच्या, प्रश्नात आधी बिंदू काढा, मग सूत्र लावा. −१ − इ चा भागाकार र/य केला तर १ येतो आणि मुलं ४५ अंश लिहून मोकळी होतात. पण बिंदू लालबागच्या बाजूला आहे आणि ४५ अंश छप्पनच्या बाजूला! खरा मुख्य कोनांक −१३५ अंश, म्हणजे पूर्वेपासून उजवीकडे १३५. आणि चुकूनही 'कोणती संमिश्र संख्या मोठी' असं विचारू नका. मापांकात लहान-मोठं असतं, संख्यांत नाही. छप्पन दुकान लालबागपेक्षा 'मोठं' आहे का, तसंच ते.

हे लागतं कुठे

एसजीएसआयटीएस या इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजला इलेक्ट्रिकल घेऊन गेलेली आमची जुनी मुलं सुट्टीत ओटल्यावर येतात, तेव्हा हा प्रश्न मी त्यांच्यावर सोपवते. त्यांच्याकडे इ चा 'जे' झालेला असतो, कारण 'आय' त्यांनी करंटसाठी राखून ठेवलेलं असतं. पायथनमध्येही हेच जे अक्षर लिहावं लागतं. त्यांच्यापैकी एकाने मुलांना दिलेलं उदाहरण : कॉइलचा रोध ३० ओहम आणि रिअॅक्टन्स (बदलत्या करंटला कॉइलचा होणारा अडथळा) ४० ओहम, घरचा सप्लाय २३० व्होल्ट. करंट किती? ३० आणि ४० सरळ मिळवून ७० ने भागलं तर सव्वातीन अॅम्पिअरच्या आसपास येतं, आणि ते चूक असतं. बरोबर हिशोब २३० भागिले (३० + ४०इ). वर-खाली ३० − ४०इ ने गुणा, छेदात २५००, उत्तर २.७६ − ३.६८इ. मापांक ४.६, म्हणजे करंट ४.६ अॅम्पिअर. ऋण कल्पित भाग सांगतो की करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतोय. भागाकार तोच, ओटल्यावरचा.

सराव कसा करायचा

रोज पंधरा मिनिटं, दहा नंबर. रविवारी एकदम सत्तर करू म्हणणाऱ्याचे सात पण होत नाहीत, हा माझा अनुभव. पहिले दोन-तीन दिवस चारही आकडे अधिक ठेवून फक्त गुणाकार. मग दुसऱ्या संख्येत मधलं चिन्ह उणे करा. ते अंगवळणी पडलं की विषम अंकाला उणे हा नियम लावा : तेव्हा ३२१४ चं होतं (−३ + २इ)(−१ + ४इ), आणि उत्तर −५ − १४इ. दुसऱ्या आठवड्यात गुणाकाराऐवजी भागाकार. प्रत्येक उत्तराखाली वर्गांच्या बेरजेचा पडताळा लिहायचा. तो नसेल तर मी कॉपी बघतसुद्धा नाही. पडताळा जुळला नाही तर खोडरबर लावू नका. चुकलेली ओळ शोधून तिच्याभोवती गोल करा. दहा-बारा दिवसांनी कॉपी चाळलीत तर बहुतेक गोल एकाच प्रकारच्या चुकीभोवती दिसतील. कुणाचे इ² वर, कुणाचे कंसावर. आपला खड्डा कोणता ते एकदा कळलं की तिथे हात आपोआप सावध होतो.

आजच्यासाठी हे घ्या. २५१२, सगळे अधिक, गुणाकार : −८ + ९इ, पडताळा २९ × ५ = १४५. ४७१३, दुसऱ्या संख्येत उणे, गुणाकार : २५ − ५इ, पडताळा ६५ × १० = ६५०. ७१२४, भागाकार : ०.९ − १.३इ, पडताळा ५० भागिले २० = २.५. आणि रस्त्यात कुठे ०५०५ दिसला तर वही काढू नका. तो तोंडी सुटतो, उत्तर −२५.